पाचवी पिशवी

मंगळवारी आणि शुक्रवारी मी पाव घेऊन वर जातो.
एकोणीस वळणं. गाव पोर्तुगालच्या नकाशात आहे,
फोनच्या नाही.

आधी पोस्ट खाली गेलं, मग दवाखाना,
मग शाळेच्या कुलपाची किल्लीसुद्धा.
वर उरले दरवाजे, आणि कड्यांना अडकवलेल्या
कापडी पिशव्या. पिशवी दिसली की घर जागं आहे.
दोन पाव आत टाकायचे, सुटे पैसे उचलायचे.
कधी सोबत अंडं असतं,
कधी रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी:
येताना आण, विसरू नकोस मागच्यासारखा.

मालक म्हणाला, पाच घरांच्या खाली आलं
तर डिझेल परवडत नाही.

फेब्रुवारीत देओलिंदा गेली.
शुक्रवारी मी मोजत मोजत चढलो
तर पाचवी पिशवी होती तिथेच,
निळ्या चौकड्यांची,
आत पैसे सेंटसकट बरोब्बर.
देओलिंदानं जन्मात कधी मोजून ठेवले नव्हते.

पुढच्या मंगळवारीही तसंच.
समोरच्या झुल्मिराच्या कोंबड्या तेवढ्या माजल्या,
शिळ्या पावाला चोच लावीनात.
ती माझ्याकडे बघत नाही. मीही विचारत नाही.
वहीत पाच लिहितो.

आज धुकं. देओलिंदाची पिशवी जागेवर,
झुल्मिराच्या कडीला काहीच नाही.
मी गाडी बंद केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा
हॉर्न दाबला,
दाबूनच धरला.

वरची खिडकी उघडली.
"मेले नाही अजून!
पिशवी धुतलीय, वाळत नाही मेली."