थरथर किती ठेवू

धैर्यवानबाईंची हेरॉल्ड, सन बासष्ट.
खेतवाडीच्या गल्लीत ती तिरपी लावून
डॅशबोर्डातून मीटर बाहेर ओढला
तेव्हा त्याच्या मागोमाग केबल आली, काळी, तेलकट,
दोन जागी तुटलेली.
सुंभ गेला होता, पीळ तेवढा शाबूत.

"नवी मिळत नाही," मी म्हणालो.
"म्हणून तर तुझ्या पोटमाळ्यावर चढले, परकार.
नाहीतर या गुडघ्यांना काय हौस आहे?"

टेबलावर मीटर उघडला.
आत लोहचुंबक, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी,
दोघांच्या मध्ये कागद सरकेल एवढी फट.
केबल चुंबकाला फिरवते. चुंबक वाटीला शिवत नाही,
तरी वाटी त्याच्या मागे ओढ घेते
आणि केसाएवढी स्प्रिंग तिला म्हणते, पुरे, इथवर.
साठ वर्षं एवढ्यावर चाललं होतं.
मला हे दर वेळी बघत बसावंसं वाटतं.
मग मी ते काढून टाकतो.

तबकडी तीच ठेवली, मैलांची, कडेला पिवळी पडलेली.
काटा तोच.
मागे एक बारकी मोटर, लॅमिंग्टन रोडची,
गिअरबॉक्सपाशी काडीच्या गुलाएवढा सेन्सर,
जो फेऱ्या मोजतो आणि तारेतून कळवतो.
या गाडीचं अर्थिंग उलटं, धन टोक अंगाला,
हे विसरलो, आणि पहिली चिप धूर होऊन गेली.
बिलात लावली नाही.
टायरवर खडूची रेघ मारून
पोरांनी गाडी एक फेरा ढकलली, टेप धरली;
पानवाल्याने आकडा दोनदा विचारला,
जणू त्याच्याच गाडीचं माप.

पहाटे पाचला बंदराचा रस्ता.
बाई चालवतात, मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप.
दहा, वीस, तीस.
तिसावर काटा उभा राहिला, भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा.
मला बरं वाटलं.

बाईंनी गाडी कडेला घेतली.
"हा मेलाय," त्या म्हणाल्या.
"काय झालं?"
"आधीचा पंचवीस ते पस्तीस नाचायचा.
मी मधला धरायची. एकदाही दंड नाही."

आता सदोष केबलची सवय
चार ओळींत कशी लिहायची, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.
पण लिहिली. विचारलं, "थरथर किती ठेवू?"
"जरा कमी कर. आणखी. हां.
आता जिवंत दिसतोय. पण मधला आकडा खरा आहे ना?"
"खरा."
"आणि आधीचा?"

मी जुना मीटर उघडण्याआधी ड्रिलला जोडून पाहिला होता.
सांगावं की नाही?
"सात मैल जास्त दाखवायचा. चाळीसला तेहतीस."

कोळशाच्या गोदामांवरून एक घार खाली आली, परत वर गेली.
"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या,
"अण्णा इथे बसायचे, तू बसलायस तिथे.
रस्ता बघायचेच नाहीत, काट्यावर डोळे.
चाळीस झाले की खोकायचे.
मी लगेच पाय उचलायची. ते गेल्यावरही उचलत राहिले.
आणि चाळीस कधी झालेच नव्हते?"

मी उत्तर दिलं नाही. ते माझ्या कामात बसत नव्हतं.

त्यांनी पदर खोचला, गिअर टाकला.
रस्ता रिकामा, क्रेनचे दिवे अजून लागलेले.
तीस. पस्तीस, त्यात माझी ती लटकी थरथर.
अडतीसला दरवाज्याची काच खडखडू लागली.
चाळीस.
बाईंचा पाय तिथेच.

माझ्या घशात बंदराची धूळ गेली होती.
डोळ्यांत पाणी येईस्तोवर
मी खोकला दाबून धरला.