गार आहे ना?

बर्नलीत, बसथांब्यासमोरच्या दुकानात
गल्ल्यावर मी.
एनिड क्लेग रोज तेच विचारतात,
चीज-कांद्याच्या पायकडे बोट करून :
"गार आहे ना गं? नक्की?"

गारवर कर नाही.
गरम केला की शंभराला वीस.
"सरकारचा वाटा वाफेत असतो," म्हणतात,
आणि पुडी कोटाच्या आत पोटाशी धरतात,
अंडं उबवावं तशी.

मागचा, मोटारीची किल्ली बोटावर फिरवणारा,
गरमच मागतो. पावती घेतही नाही.
तेच वीस. एनिडबाईंचे मात्र
हीटरच्या मीटरमधून वजा होतात.

कर नकोच, असं नाही माझं.
माझी लेक सातव्या महिन्यातली.
बावीस दिवस काचेच्या पेटीत,
आणि बिल आणलं नाही कुणी.
ती ऊब कुणाकुणाच्या पै-पैची,
कोण जाणे. एनिडबाईंचीही असेल,
साबणावरची, बल्बवरची.

पण समोरचं वाचनालय आता फक्त मंगळवारी उघडतं.
रेडिएटरजवळच्या खुर्चीवर
त्यांचा मफलर राहिलाय; काचेतून दिसतो.

आज पाय मी भट्टीच्या कडेला
जरा विसरले.
पावतीवर टाकलं : गार.
त्यांनी पुडीला हात लावला, माझ्याकडे पाहिलं,
आणि घाईघाईनं कोटाची बटणं लावली.