चार पॉइंट

पोलोग्राउंडच्या प्रेसमध्ये मी पाकिटं वाचतो.
चिप्स, कुरकुरीत नळ्या, दोन मिनिटांत होणारं काहीबाही.
समोर हसणारं मूल, सोनेरी मका,
आणि मागे, शिवणीच्या घडीत,
चार पॉइंटातली यादी.
ती वाचायचा मला पगार मिळतो,
फुकट कुणी वाचत नाही.

सव्वीस वर्षं.
माल्टोडेक्स्ट्रिनचं जोडाक्षर तुटलं म्हणून
अख्खा रोल थांबवलाय मी.
इमल्सिफायर, आयएनएस चारशे एकाहत्तर,
ऱ्हस्व-दीर्घ सगळं तोंडपाठ.
ते काय असतं, हे विचारलं नाही.
प्रूफवाल्यानं अर्थात शिरू नये,
असं मशीनवरचे नासिरभाई म्हणायचे,
आणि पार्टीनं पाठवलेली नमुन्याची पाकिटं
चार वाजता चहासोबत
आम्ही दातांनीच फोडायचो.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी
लाल पेनाचं टोपण निघेना.
सांधे, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यांसारखे
टम्म.
दहा वाजेपर्यंत मूठ वळत नाही.
कुमुदनं शर्टाची बटणं लावून दिली,
वरून खाली, काही न बोलता,
जसं शाळेत जाणाऱ्याची लावतात.

स्नेहलतागंजचे डॉक्टर खासगीवाले म्हणाले,
पहारेकरी बिथरलाय तुमच्या आतला.
घरच्यांनाच चोर समजून
काठी चालवतो.
मला हसू आलं.
पुण्याला साडूकडे मी तोंड उघडलं की
विचारतातच कुणीतरी,
'तुम्ही मूळचे कुठले हो?'
आपल्याच घरात परकं ठरणं
इंदूरच्या मराठी माणसाला
समजावून सांगावं लागत नाही.

पाकिटांमुळेच का, मी विचारलं.
त्यांनी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधे.
एकट्या पाकिटावर खापर फोडता येत नाही.
रक्तातून येतं, तंबाखूनं चेततं,
कधी कशानं ते कळतही नाही.
पण आतड्याचं अस्तर विरत जातं
असा संशय आहे,
नको ते आत झिरपतं,
आणि जो रोज रात्री दचकून उठतो
तो पहारेकरी चिडका होणारच.
गोळी दर सोमवारी. आणि पाकीट
बंद करून बघा तर.

इंदुरात बंद करून बघणं!
पोह्यांवर शेव नको म्हणालो
तर ठेलेवाल्याचा हात हवेतच थांबला.
'भिया, घर में सब ठीक तो है?'

मल्हारगंजातून ज्वारी आणली.
भाकरी कुमुद थापते, मी नुसता बघतो,
तिच्या बोटांचं उघडणं, मिटणं.
नासिरभाई आता नमुने
एकटेच खातात, पाठ करून.

परवा एक प्रूफ आलं, लहान मुलांचं पाकीट.
फुग्याच्या ऑफरला जागा हवी
म्हणून मागची यादी आणखी अर्धा पॉइंट खाली.
चूक एकही नव्हती.
तरी समासात मी लिहिलं, वाकड्या हातानं,
'वाचता येत नाही.'
संध्याकाळी शेरा परतला,
'पार्टी म्हणते, चालेल.'

हल्ली मूठ साडेनऊला वळते.
हा अर्धा तास गोळीचा की भाकरीचा
डॉक्टरांनाही सांगता येत नाही.
त्यात मी शर्टाची
खालची तीन बटणं लावतो.
वरची कुमुदची.