आधी आस

तुटलेला शाफ्ट काएतानने खिळ्याला टांगलाय,
कॅलेंडरच्या शेजारी.
टोकाचे दात बघ, म्हणाला.
सरळ असायला हवेत. हे पिळवटलेले,
ओली चादर दोघींनी दोन्हीकडून धरून पिळावी तसे.
"तुटच्या आदीं ताणें सांगिल्लें, रोहिदास.
तुवें आयकूंक ना."

मी ऐकत होतो टायरवाल्याचं.
फोंड्याला त्याच्या दुकानात पस्तीस इंची उभे होते
माझ्या कमरेपर्यंत,
खाचांत आख्खं बोट जाईल अशी नक्षी,
अंगावर रबराचे बारीक केस अजून तसेच.
चारही उधारीवर चढवले.
कुळ्याच्या स्टँडवर माझी जीप
इतरांपेक्षा वीतभर उंच दिसली
तीन दिवस.

चौथ्या दिवशी, दुसऱ्या ओढ्यात,
मागचं उजवं चाक दोन धोंड्यांमध्ये बसलं.
मी क्लच सोडला
आणि खालून आवाज आला,
अडकित्त्यात सुपारी फुटावी, तेवढाच.
लाइफ जॅकेट घातलेले सात प्रवासी
घोटाभर पाण्यातून चालत काठावर गेले.

काएतान पाना उचलतो.
"नट सुटत नाही, तेव्हा आपण काय करतो?"
पान्याला पाइप घालतो.
"का?"
हात लांब झाला की जोर वाढतो.
"मोठा टायर म्हणजे तो पाइप.
फक्त तू तो नदीच्या हातात दिलास."

शाळेत मास्तर फळ्यावर लिहायचे:
तो आस, ज्यावर चाक फिरतं.
ती आस, जी लागते.
लिंगभेदाने अर्थभेद. दोन गुणांचा प्रश्न.
मी ती धरली
आणि तो मोडला.

टायर परत गेले, पाच हजार कापून.
उसगावच्या भंगारात आम्ही दोन सकाळी घालवल्या.
बंद खाणीच्या गाड्या तिथं
पोटं उघडी टाकून पडल्यात,
त्यातल्या एकीचा मागचा आस, अख्खा,
तांबड्या मातीने इतका माखलेला
की काएतानने आधी जिभेने सांगितलं, मग फडक्याने पुसलं:
"चांगलं पोलाद."
माझ्या जुन्याला दहा दात. याला तीस.
जाडीत फरक एका बोटाचाही नाही.
पण इथं गाडीचं ओझं नळा पेलतो,
शाफ्टाने नुसतं फिरायचं.
(माझ्या घरात हे असं वाटून घेतलेलं नाही,
पण तो विषय वेगळा.)

मग वेल्डिंग. मग ब्रेकच्या नळ्या.
मग कळलं की पुढची गरारी या मागच्याशी जुळत नाही,
जुळली नाही तर दोन आस
एकाच गाडीखाली भांडत राहतात.
तीही बदलली.
चवथीसाठी बाजूला ठेवलेले गेले,
चवथ उसन्यावर झाली.

सुलक्षाने जीपभोवती एक फेरी मारली.
दुसरी मारली.
वही तिच्या हातातच होती.
"शहाऐंशी हजार," ती म्हणाली,
"आणि दिसतंय काय?"
मी वाकून खाली बोट दाखवलं.
ती वाकली नाही.

सीझन उघडला. चाकं तीच, जुनी, बुटकी.
स्टँडवर प्रेमानंद हसला: हत्तीचे पाय, उंदराचे बूट!
दुसऱ्या ओढ्यात तेच धोंडे, तेच उजवं चाक.
क्लच सोडताना
माझे दात आपोआप आवळले गेले.
सुपारी फुटली नाही.
गाडी कण्हली, चढली, पलीकडे गेली.
मागे कुणीतरी व्हिडिओ काढत होतं,
धबधब्याचा, अर्थात.

संध्याकाळी काएतानला फोन केला.
टिकला, म्हणालो.
तो गप्प. मागे ग्राइंडर चालू.
मग विचारलं,
"आणि आतां कोण आवाज करता?"

मी सांगणार नव्हतो.
चढावर, तिसऱ्या गिअरला,
गिअरबॉक्सच्या मागे कुठंतरी, अगदी हळू,
काहीतरी घसा खाकरतंय.