हातचा

बावन्नातून अठ्ठावीस गेले, उरले किती?
चौथी ब म्हणते, छत्तीस.
आठातून दोन गेले, सहा. पाचातून दोन गेले, तीन.
वर दोन असोत, खाली आठ,
पोरं मोठ्यातूनच लहान काढतात
आणि मी बावीस वर्षं लाल पेनाने
छत्तीसवर फुली मारत आलेय.

तुर्भे स्टोअरच्या आमच्या शाळेत
खाणीचा भुगा दुपारपर्यंत फळ्यावर बसतो.
खडूचा कुठला, दगडाचा कुठला, ओळखू येत नाही.
चौथी अ आणि चौथी ब यांच्या मधे एक दार,
रंगावर रंग चढून कडी चिकटलेली.
पलीकडे सुकन्या मढवी, दिवाळे गावची, ठोक मानधनावर,
वय माझ्या पहिल्या बॅचएवढं.

तिला विचारायला मला आठ दिवस लागले.
डबा उघडून, भरल्या वांग्याकडे बघत म्हटलं,
"तुझ्या मुलांना वजाबाकी येते का गं?"
कुणी चिमूटभर मीठ मागावं, तसं.

ती आली. शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसली.
हातात तपासणीचा तक्ता नव्हता.
तास संपल्यावर म्हणाली,
"ताई, 'कळलं ना?' तुम्ही अकरा वेळा म्हणालात.
अकराही वेळा ते 'हो' म्हणाले."
मी डस्टर झटकत राहिले,
गरजेपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी शिपाई तांडेलांनी
पेचकसाने कडी खरवडून दिली.
दशकाचं घर पलीकडे, एककाचं इकडे.
आइसक्रीमच्या काड्या, दहा-दहाच्या पाच जुड्या तिच्या टेबलावर,
सुट्या दोन यल्लप्पाच्या मुठीत.
द्यायच्यात आठ.
"नाहीत? मग शेजारी जा. माग."
तो खरंच गेला दार ओलांडून,
"बाई, एक जुडी उसनी देता?"
आणि आला तो रबर दातांनी सोडतच.
बारा काड्या फरशीवर सांडल्या.
तिकडे चार जुड्या उरल्या, हे त्याने
आपणहून पुन्हा डोकावून पाहिलं.

नोव्हेंबर. तिचं मानधन चौथ्या महिन्यातही आलेलं नव्हतं.
पण हे मी सांगतेय, तिने कधीच तसं सांगितलं नाही.
दुपारी पलीकडून एक आवाज आला
आणि नंतर आवाजच नाही.
छत्तीस पोरं इतकी गप्प कधी नसतात.
ती दारात उभी. उजवा हात डाव्यात धरलेला,
जणू तो दुसऱ्या कुणाचा.
"मारलं मी. रेणुकाला."

दार सताड उघडलं. दोन्ही वर्गांना चित्र काढायला लावलं,
तिला माझ्या खुर्चीत बसवलं
आणि बोलले ते, जे घरीही कधी बोलले नाही.
कोपरखैरणे, दोन हजार सहा.
मुलाचं नाव अविनाश. पट्टी लाकडी.
"मग तुम्ही काय केलंत?"
"काहीच नाही. तेच तर सांगतेय."

संध्याकाळी दोघी गेलो, खाणीच्या वरच्या वस्तीत.
रेणुकाची आई आमच्याहून जास्त घाबरली.
पोरीचं नाव कमी करायला आलो, असं वाटलं तिला.
सुकन्याने माफी मागितली,
आईची नाही, रेणुकाची,
तिच्या उंचीएवढं खाली बसून.
रेणुका पायाने माती उकरत राहिली.
चहा आला. घरात कप एकच.
मी कपातून प्यायले, ती बशीतून.

आता तांडेल कडीला अधूनमधून तेल देतात.
तिचे पाढे इकडे येतात, माझी कविता तिकडे जाते,
दोन्ही वर्गांना त्याचा त्रासच होतो.
छत्तीस अजून सात जण लिहितात.
परवा मी सवयीने विचारलं, "कळलं ना?"
यल्लप्पा उभा राहिला,
नाक पुसलं,
म्हणाला, "नाही."