उजवा कान

डिचोलीहून पहिल्या कदंब बसने पणजी गाठली.
फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत.
खिडकीतल्या बाई भल्या असाव्यात,
सावकाश बोलल्या. मी ओठ वाचले:
सेवेमुळे उद्भवलेले नाही,
सेवेमुळे वाढलेलेही नाही.

अठरा वर्षं तोफेच्या डाव्या अंगाला उभा,
उजवा कान तिच्याकडे.
पुरावा आणा म्हणतात.

कसला आणू?
कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे,
ते काय कुणी पेटीत जपून ठेवतं?
युनिटचं रजिस्टर पाण्यात गेलं, असं पत्र आलंय.
जावक क्रमांक मात्र ठळक.
सुभेदार बिष्ट साक्ष द्यायला तयार आहे,
पण फोनवर तो ओरडतो, मी ओरडतो,
आणि मध्ये त्याची सून दोघांचं दोघांना सांगते.

भाची अर्ज लिहायला बसली.
पाटीवर लिहून विचारलंन,
मामा, भरतीआधी तुला नीट ऐकू यायचं
हे आता कोण सांगेल?

कुंभारवाड्यात फोंडू अजून आहे.
चाक बंद, पण अंगणात घुमटांची मडकी उपडी घातलेली.
भाचीकडे बघून म्हणाला
(तिनं नंतर लिहून दाखवलं):
"हो? तडो दोळ्यांक दिसचे पयलीं
ह्याका आयकूं येतालो.
भट्टी उघडली की ह्याकाच आपयतालों."

खरं आहे. दहा-अकरा वर्षांचा असेन.
टिचकी मारायची, कान लावायचा,
फुटकं डावीकडे, बरं उजवीकडे.
एका मडक्याला एक पैसा.

फोंडूनं एक मडकं माझ्या हातात दिलं.
मी टिचकी मारली.
कान लावला. दुसरा लावला.
बरं आहे, म्हटलं.
त्यानं ते हळूच काढून घेतलं
आणि डावीकडे ठेवलं.

स्टॅम्प पेपरवर त्याचा अंगठा उठला
तो शाईचा कमी, मातीचा जास्त.

बाईंनी कागद उजेडाकडे धरला,
उलटून पाहिला,
काहीतरी बोलल्या.
मी ओठांकडे बघितलं नाही.
बाहेर मांडवीवरून फेरीबोट सुटत होती,
भोंगा वाजवत असणार.