परतताना

सुकदेव थेटे आमदार होऊन तीन वर्षं झाली,
तरी मी त्याला अजून डाव्या कोपऱ्यातूनच बघतो,
म्हणजे गुडघ्याखाली.

त्याचे घोटे हा माझा रोजचा अभ्यास होता.
जेल रोडचं मैदान, गादी नाही, नुसती माती.
शिरसाठ मास्तर नोटप्रेसची पहिली पाळी संपवून यायचे,
डबा झाडाला टांगायचे
आणि फक्कीनं रेघा आखायचे, दोरी न लावता, सरळ.
मग म्हणायचे, जा सुक्या.
सुक्या जायचा.
एका दमात अशी रेघ ओलांडायचा
की ती त्याच्यासाठी काढलेलीच नव्हती.

लिलावात त्याचं नाव पुकारलं
तेव्हा बिटकोच्या चहावाल्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.
आकडा ऐकून कुणी शिट्टी मारली नाही.
आम्ही हिशेब करत बसलो,
माझा कंपनीतला पगार धरून
नऊ वर्षं आणि एक महिना.
चहा थंड झाला होता. तसाच प्यायलो.

परवा दसकला त्याची सभा झाली.
अजूनही एका दमातच बोलतो.
घराला उंबरा असतो, म्हणाला,
उंबरा काढला की घराची धर्मशाळा होते.
फुकट खाल्लेलं अंगी लागत नाही.
(इथं टाळ्या. मीही वाजवल्या,
माझ्याही घरी फुकट काही येत नाही.)
पोरींनी खेळावं, जरूर खेळावं,
पदकं आणावीत, मी हार घेऊन उभा राहीन,
पण दिवेलागणीला पोर घरात पाहिजे.
माझी आई दिवेलागणीला घरात असायची
म्हणून मी आज इथं उभा आहे.

यमुनामावशी.
दिवेलागणीला ती सिन्नर फाट्यावर असायची,
पोत्यावर कांदापात, शेपू, मेथी,
शेजारी गॅसबत्ती भुरभुरत.
साडेनऊला शेवटची जुडी अर्ध्या भावात देऊन उठायची.
तोवर सुक्या आमच्याकडे जेवायचा,
माझ्या ताटाशेजारी,
आणि रस्त्यावर चप्पल वाजली की
घास तोंडात धरून ऐकायचा.

तो खोटं बोलत नव्हता.
हूल देताना त्याचा चेहरा कसा होतो
हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.
परवा तसा झाला नव्हता.
त्याला खरंच आठवत होतं,
आणि त्या आठवणीत आई घरात होती,
चुलीचा उजेड होता, दार उघडं होतं.
एवढं वाट पाहिलेलं पोर
आठवणीत तरी आईला लवकर आणणारच.
मी खुर्चीवरून उठणार होतो. उठलो नाही.

खाली उतरल्यावर त्यानं मला गर्दीतून ओढलं.
काय रे कोपरा!
पोट सुटलंय, बूट पांढरे आहेत, डावा पाय अजून आत टाकतो.
तेजल खेळते ना तुझी?
चांगली खेळते म्हणे.
खांद्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला,
लवकर घरी आण रे तिला. दिवस बरे नाहीत.
काळजीनं बोलला. मला राग आला
आणि त्याच्या हाताचं वजनही बरं वाटलं.
दोन्ही एकदमच.

आत्ता साडेआठ वाजलेत.
मैदानावर पोरींचा सराव चालू आहे,
गेल्या वर्षी बसवलेल्या खांबाखाली.
खांबावर पाटी आहे,
आमदार निधीतून, आणि त्याचं पूर्ण नाव,
वडिलांच्या नावासकट. आईचं नाही.
दिव्याभोवती पाखरं इतकी, की उजेड हलतोय.

तेजल माझ्याच जागी उभी आहे, डाव्या कोपऱ्यात.
मान न वळवता विचारते,
पप्पा, थेटेकाकांना तुम्ही कसं पकडायचात?

जाताना नाही सापडायचा तो, मी सांगतो.
जाऊ द्यायचं. बोनसही घेऊ द्यायचा.
घाई केलीस तर गेलीस.
तो मागे वळतो ना, आपल्या रेघेकडे,
आता पोचलोच असं वाटून,
तेव्हा घोटा जरासा

ती ऐकत नाहीये.
समोरच्या पोरीनं दम भरलाय,
आणि वाकून, मातीला हात लावून,
ती आत येते आहे.